सायवनच्या माइकपुढे बसण्याआधी

बोर्डी,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. बाय,


तुझं पत्र आणि अर्जाचा कच्चा मसुदा पोचला. सायवनला सामुदायिक रेडिओ काढायचं तुमच्या संस्थेनं ठरवलं आणि केंद्र चालवायला तुला पुढे केलं, हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. मामीनं तर शेजारणींना सांगूनही टाकलं की आमची भाची रेडिओवर बोलणार. पुढची वाट किती लांब आहे ते तिला ठाऊक नाही. आधी माहिती व प्रसारण मंत्रालयाचं इरादापत्र, मग वारंवारिता, मग करार, मग यंत्रणा चालवण्याचा परवाना. वर्ष कुठे जातं कळत नाही. ते वर्ष नुसतं वाट बघण्यात घालवू नकोस, एवढंच सांगायला बसलो होतो; पण पत्र लांबलं.

तू लिहितेस, 'मामा, आकाशवाणीत जन्म गेला तुमचा, नियम एका कागदावर लिहून द्या, भिंतीवर चिकटवते.' घे, चिकटव. संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी, तिच्या नोंदणीला तीन वर्षं झालेली असावीत आणि तेवढं काम त्या भागात दिसलेलं असावं. एकट्या माणसाला परवानगी नाही, राजकीय पक्षाला आणि त्याच्या संघटनांनाही नाही. प्रक्षेपक साधारण १०० वॅटचा, मनोरा ३० मीटरपर्यंत. निम्मे तरी कार्यक्रम गावच्या लोकांच्या सहभागातून आणि होता होईतो त्यांच्या बोलीत. जे हवेत सोडलं त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं. सल्लागार आणि आशय समिती नेमायची. २०२४ च्या सुधारणेपासून तिच्यात निम्म्या बायका. जाहिरात तासाला १२ मिनिटांपर्यंत. स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मात्र आशय न बदलता लावता येतात. आणि आम्ही जी संहिता पाळत आलो तीच तुलाही: धर्माधर्मांत, जातीजातींत तेढ नको, बदनामी नको, अर्धसत्य नको, अश्लील नको, हिंसेला चिथावणी नको, कोर्टाचा अवमान नको, अंधश्रद्धेला खतपाणी नको, बायका-मुलांची हेटाळणी नको, दारू-तंबाखूची भलामण नको.

झाला कागद. दिल्लीत बसून लिहिलेला असला तरी तो वाईट नाही. पण तो सायवनसाठी लिहिलेला नाही. म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'लाही तोच लागू आणि तेलंगणात झहीराबादजवळ दलित बायकांनी २००८ साली सुरू केलेल्या 'संघम रेडिओ'लाही तोच. आपल्या पट्ट्यात त्या कागदातल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवून बसायचं, हे इथल्या इतिहासावरून ठरवावं लागतं.

१९४५ सालचं तलवाडा तुला आजीनं सांगितलं असेल. त्या वर्षी मे महिन्यात झरीच्या सभेत वारली लोकांनी वेठ नाकारली, पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप धरला. जमीनदारांना ते खपेना. १० ऑक्टोबरला त्यांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर निरोप फिरवला की तलवाड्याला लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकरांची सभा आहे, बाईंच्या जिवावर कुणी उठलंय, हातात मिळेल ते घेऊन या. हजारोंनी लोक आले. बाईंची तिथे सभा नव्हतीच. तिकडे पोलिसांना वर्दी दिली की वारली हत्यारबंद होऊन जमलेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. बाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ आहे. तुझ्या केंद्राच्या कपाटात पहिलं पुस्तक ते असू दे.

आणि मग १६ एप्रिल २०२०, गडचिंचले. ते तर तू डोळ्यांदेखत पाहिलंस म्हणायला हरकत नाही. टाळेबंदी लागलेली, मजूर घरी परतलेले, एस.टी. बंद, बाजार बंद. मोबाइलवर आणि तोंडोतोंडी एकच, की रात्री चोर फिरताहेत, मुलं पळवतात, माणसांचे अवयव काढतात. गावोगाव लोक रात्री जागरण करून पहारा देत होते. दोनच दिवस आधी सारणीजवळ एका डॉक्टरांच्या गाडीवर जमाव चालून गेला होता. त्यावरूनही कुणी शहाणं झालं नाही. मग दाभाडी-खानवेल रस्त्यावर आलेली गाडी अडवली गेली आणि दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांसमोर मारले गेले.

या दोन घटनांमध्ये पंचाहत्तर वर्षं आहेत, तरी मला त्या जवळजवळ ठेवाव्याशा वाटतात. एकीकडे मेले ते आपले, दुसरीकडे आपल्यांच्या हातून मेले, हा फरक पुसायचा नाही. गडचिंचल्याला जे झालं ते खूनच होते. पण दोन्ही वेळा खोटा निरोप आला तो मायेच्या दारातून. एकदा बाईंना वाचवा म्हणून आणि एकदा पोरांना वाचवा म्हणून. लुटायला चला असा निरोप आला असता तर आपले लोक उठले नसते. म्हणून मला 'अडाणी आदिवासी अफवांना भुलतात' हे वाक्य ऐकलं की चीड येते. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षुकीवर फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण अशाच अफवेपायी मारले गेले, आणि त्या मोसमात शहरांतही असे प्रकार झाले. शिकलेल्यांचं म्हणशील, तर गडचिंचल्यानंतर मोठ्या वाहिन्यांच्या काचेच्या स्टुडिओंमधून या घटनेला धर्माचा रंग कसा फासला गेला ते आठव. अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून राज्याच्या गृहमंत्र्यांना सांगावं लागलं की यांत एकही मुसलमान नाही. पाड्यावर अफवा पसरली ती भीतीनं. त्या स्टुडिओत कसली भीती होती?

म्हणून बाय, तुझ्या रेडिओचं पहिलं काम माझ्या मते हे: खरं की खोटं ते विचारायला लोकांना एक ठिकाण असावं. बाकी सगळं, गाणी, शेती, पोरांचे कार्यक्रम, या एका कामाच्या तयारीसाठी आहे असं धर. कारण अफवेच्या तशा रात्री अचानक उठून 'शांत राहा' म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. ज्या आवाजानं गेलं वर्षभर एस.टी. कधी सुटणार, रेशन कधी येणार, सायवनच्या आरोग्य केंद्रात लसीकरण कुठल्या वारी आहे हे बिनचूक सांगितलं, त्याचंच ऐकतात. एस.टी.ची वेळ चुकीची सांगितलीस तर कुणी मरत नाही. पण ज्या बाईनं तासभर उन्हात उभं राहून तुला शिव्या घातल्या, ती त्या रात्री तुझा शब्द मानणार नाही.

आता तू विचारशील की अफवा खोटी आहे हे सांगणं म्हणजे बातमी नाही का? बातम्यांना तर बंदी आहे. प्रश्न रास्त आहे आणि मी त्या बंदीच्या बाजूचा नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं, क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्या निकालानं दार किलकिलं केलं. २००२ ला शिक्षणसंस्थांना, २००६ ला तुमच्यासारख्या संस्थांना सामुदायिक रेडिओ मिळाला. मालमत्ता जनतेची, पण जनतेनं आपल्या गावची बातमी त्यावर सांगायची नाही, हे मला कधी पटलं नाही. ते बदलावं म्हणून भांडायचं असेल तर भांड, अर्ज कर, परिषदांमध्ये बोल. माइकवरून मात्र चोरून बातमी देऊ नकोस. तुझं केंद्र बंद पडलं तर मोठ्या वाहिन्यांना फरक पडत नाही. फरक सायवनला पडतो.

शिवाय तो दिल्लीचा कागद नीट वाच. स्थानिक प्रशासनानं दिलेल्या सूचना, म्हणजे वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे अशा, तसंच हवामान, रस्त्यांची स्थिती, परीक्षा, प्रवेश, नोकऱ्या, यात्रा-जत्रा, हे सगळं बातमीत धरलेलं नाही. 'प्रशासनानं दिलेल्या' हे दोन शब्द महत्त्वाचे. म्हणजे त्या सूचना तुला आयत्या वेळी मिळणार नाहीत. परवान्याची वाट बघायच्या या वर्षात तहसीलदार कचेरीत जा, कासा पोलीस ठाण्यात जा, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेट, आणि प्रत्येक ठिकाणी लिहून घे की रेडिओसाठी सूचना कोण देणार, कुठल्या क्रमांकावरून देणार, ते रजेवर असतील तर कोण. फोन आला की वाचून टाकायचं नाही. ठेवून द्यायचा आणि आपण त्याच क्रमांकावर उलटा फोन लावून खात्री करायची. नोंदवहीत वेळ आणि सांगणाऱ्याचं पद टिपायचं. साहेब बदलले की पुन्हा जायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि तुझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच ठरेल.

सांगायचं कसं, त्याचीही रीत आहे. 'मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा खोटी आहे' असं वाक्य हवेत सोडलंस तर अर्धा पाडा 'मुलं पळवणारी टोळी' एवढंच ऐकतो. सेल उतरलेल्या रेडिओवर तर तेवढंच ऐकू जातं. खरं ते आधी सांग. 'कासा पोलीस ठाण्यानं आज सायंकाळी कळवलं आहे की आपल्या भागात एकही मूल हरवल्याची तक्रार नाही.' मग काय करायचं ते सांग: अनोळखी गाडी दिसली तर अडवू नका, या क्रमांकावर कळवा. वारलीत सांग, मराठीत सांग, सीमेकडच्या पाड्यांसाठी गुजरातीतही सांग. अफवेचा तपशील उगाळू नकोस. आणि अशा रात्री श्रोत्यांचे फोन थेट हवेवर घेऊ नकोस. घाबरलेल्या एका माणसाचा आवाज तुझ्या मनोऱ्यावरून दहा गावांत गेला की ती अफवा आता रेडिओनं सांगितलेली होते.

रेडिओनं सांगितलेलं म्हणजे काय, याचं सगळ्यात भयानक उदाहरण आफ्रिकेतल्या रवांडाचं. १९९४ साली तिथल्या एका खासगी रेडिओनं तुत्सी लोकांना झुरळं म्हणत म्हणत, कोण कुठे लपलंय त्यांची नावं-ठिकाणं सांगत कत्तलींना हवा दिली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्या रेडिओच्या संस्थापकांपैकी दोघांना दोषी ठरवलं. त्यांचा रेडिओ लोकप्रिय होता, गाणी छान लावायचा, लोकांच्या बोलीत हसतखेळत बोलायचा. निम्मे कार्यक्रम स्थानिक, बोली स्थानिक, या कसोट्यांवर तो उतरलाही असता! तेव्हा 'आम्ही लोकांचे' एवढ्यावर निर्धास्त राहू नकोस.

भूकंपाचं थोडक्यात, कारण तो तुझ्या अंगवळणी पडला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपास धक्के सुरू झाले, लोक थंडीत तंबूत निजले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्यानं घाबरून पळताना हळदपाड्याची दोन वर्षांची मुलगी गेली. दर मोठ्या धक्क्यानंतर कुणीतरी पुढच्या धक्क्याची तारीख आणि वेळ सांगतो. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं जगात कुणालाही जमत नाही. ज्या निरोपात वेळ आहे तो खोटा, इतकं सोपं आहे. पोरांना घेऊन कसं बाहेर पडायचं, कुडाच्या घरात काय आणि स्लॅबच्या घरात काय करायचं, हे जाणकारांकडून आत्ताच रेकॉर्ड करून घे. धक्का बसल्यावर वीज जाते. बॅटरीवर केंद्र किती तास चालतं ते तू स्वतः घड्याळ लावून बघ, विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

संहितेतल्या दोन कलमांवर तुला इथे रोज अडखळावं लागेल, अंधश्रद्धा आणि दारू. शहरातला माणूस दोन्ही सरसकट लावेल आणि तुझा अर्धा कार्यक्रम कापेल. कणसरी देवीची गाणी, हिरवा देवाची पूजा, धवलेरीनं लावलेलं लग्न, तारप्याभोवतीचा नाच ही आपली रीत आहे, तिला अंधश्रद्धा म्हणणाऱ्याला समितीत बसवू नकोस. पण एखाद्या विधवेला भुताळी ठरवलं आहे, हा भगत तिचं नाव काढतो, त्याची मुलाखत घ्या असं कुणी म्हणालं, तर दार लाव. तिथे संहिता तर आहेच, शिवाय महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्या बाईचा जीव आहे. भगताला शत्रूही करू नकोस. साप चावल्यावर आधी आरोग्य केंद्रात न्या, मंत्र नंतर, हे डॉक्टरांपेक्षा भगताच्या तोंडून ऐकलं तर लोक लवकर मानतात. पावसाळ्याआधी एखाद्या समजूतदार भगताला गाठ.

दारूचं तसंच. पूजेत धरतीला दारूची धार सोडतात, गाण्यांत ताडी येते. ते गाणं ज्या प्रसंगाचं आहे तो प्रसंग सांगून लाव, म्हणजे ती भलामण होत नाही. नुसतं नाचाचं म्हणून, पिण्याच्या ओळी निवडून, तरुण पोरांच्या फर्माइशीत दिवसातून चारदा लावलंस तर होते. आणि गाणं रेकॉर्ड करताना म्हातारीला विचार की हे कधी म्हणतात, कुणी म्हणायचं, सगळ्यांनी ऐकलं तर चालतं का. काही गाणी वेळेचीच असतात. 'नाही' म्हणाली तर माइक बंद. तिचं नाव सांगायचं, मानधन द्यायचं, तेही सगळ्यांना एकाच दरानं. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे गेले तोवर वारली चित्रं जगभर पोचली होती, आणि त्यांच्या नकला छापलेल्या चादरीही बाजारात पोचल्या होत्या. गाण्यांचं तसं व्हायला तुझं रेकॉर्डिंग कारण होऊ नये. सिनेमाच्या गाण्यांना स्वामित्वहक्काचे पैसे भरावे लागतात हे सगळ्यांना कळतं. पाड्यावरचं गाणं फुकटचं, असं मात्र शिकलेल्यांनाही वाटतं.

मुलांवर अत्याचाराची गोष्ट कानावर येईल, आश्रमशाळेतली येईल, घरातली येईल. मुलाची ओळख उघड करणं हा पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे. मुंबईत नाव गाळलं की ओळख लपते. आपल्याकडे 'अमुक पाड्यावरची आठवीतली मुलगी' म्हटलं की लपायला काय उरलं? पाडा नाही, इयत्ता नाही, आईचा आवाज नाही. खरं तर ती घटनाच हवेवर घ्यायची नाही; पोलीस आणि बालकल्याण समितीकडे कसं जायचं, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक, एवढं सांगायचं, तेही त्या आठवड्यापुरतं नाही, वर्षभर नेमानं.

जाहिरातीवर येतो. तुमच्या मसुद्यात खर्चाच्या बाजूला वीज, पगार, दुरुस्ती सगळं आहे, आणि उत्पन्नाच्या बाजूला 'स्थानिक जाहिराती' एवढाच मोघम शब्द. कुणाच्या, ते लिहिलेलं नाही. आपल्याकडे पैसे घेऊन पहिला येईल तो वीटभट्टीचा किंवा मजूर नेणारा मुकादम. 'दिवाळीनंतर काम, जागेवर उचल.' ऐकायला रोजगाराची सूचना, आणि रोजगाराच्या सूचनेला तर परवानगी आहे! वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी राबवून घेण्याची लग्नगडीची पद्धत याच तालुक्यांतून घालवायला किती माणसं खपली ते आठव आणि मग त्याला विचार: ठेकेदाराचा परवाना दाखव, मजुरी किती, हिशेब कधी, पोरांची सोय काय. लेखी देणार असेल तर वाचून दाखव. नाही दिलं तर जाहिरात नाही, आणि बहुतेक नाहीच देणार. दुसरा येईल तो 'शर्तिया इलाज'वाला; त्याच्यासाठी औषधांच्या फसव्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे. तिसरा येईल तो पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा घेऊन. घेऊ नकोस, कुणाच्याच घेऊ नकोस, तुमच्या संस्थेवर ज्यांचे उपकार आहेत त्यांच्याही. एकदा एकाच्या वाजल्या की तुझा आवाज त्या पक्षाचा झाला, आणि वर सांगितलेल्या रात्री निम्मे पाडे तुझं ऐकणार नाहीत.

पैसे कमी पडतील. सरकारी विभागांचे प्रायोजित कार्यक्रम घेता येतात, त्यासाठी खेटे घालावे लागतात आणि बिलं उशिरा निघतात. ते धरूनच आखणी कर.

समितीबद्दल तुझ्या मसुद्यातली यादी मला पसंत नाही. निम्म्या बायका आहेत, नियम पाळला आहे, पण सगळ्या बायका शिकलेल्या, नोकरीतल्या, रस्त्यालगतच्या. कातकरी वस्तीतून कुणी नाही. पाण्याला दोन डोंगर उतरणाऱ्या पाड्यावरची एक तरी बाई घे. लिहिता-वाचता येत नसेल तर कार्यक्रम ऐकवून तिचं मत घ्या, रेडिओच्या समितीला वाचता कशाला यायला हवं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली होती. बैठक तशी पाड्यावर घे. आणि सभेची वेळ सकाळी अकराची ठेवली आहेस, त्या वेळी कामावरची कुठली बाई मोकळी असते?

वाढवण बंदर, महामार्ग, बुलेट ट्रेन, यांवर काय बोलायचं असं तू दोनदा विचारलं आहेस. बाजू घेऊन बोललीस तर ती चालू घडामोड. पण भूसंपादनाच्या नोटिशीत काय लिहिलेलं असतं, हरकत किती दिवसांत द्यायची, पेसा कायद्यात ग्रामसभेला काय विचारावंच लागतं, वनहक्काच्या दाव्याला कुठले पुरावे चालतात, हे कायद्याचं शिक्षण आहे आणि ते बारा महिने करता येतं. कुठल्या प्रकल्पाचं नाव न घेताही लोकांना काय समजायचं ते समजतं. इथे माझंही मत आहे, पण ते पत्रात नाही लिहीत, भेटलीस की सांगेन.

तुमच्यातली काही पोरं म्हणतात की रेडिओचा हा सगळा खटाटोप कशाला, यूट्यूबवर वाहिनी काढू, नाहीतर केबलवाल्याशी बोलून टीव्हीवर गावचा चॅनेल काढू. टीव्हीला रेडिओसारखी सामुदायिक परवानगीची वेगळी सोय आपल्या देशात नाही. केबलवरचा स्थानिक चॅनेल १९९५ च्या केबल कायद्यात आणि त्याच्या कार्यक्रम संहितेत येतो, आणि केबल ज्याची त्याचा चॅनेल. यूट्यूबला परवाना लागत नाही, पण बदनामी, मुलांची ओळख, द्वेष यांचे कायदे तिथेही सुटत नाहीत. काढायचं तर काढा. फक्त रेडिओचे तुकडे तोडून व्हॉट्सॲपवर टाकताना प्रत्येक तुकड्यात तारीख आणि केंद्राचं नाव बोललेलं असू दे. आजचा 'धरणातून पाणी सोडणार' हा तुकडा पुढच्या पावसाळ्यात फिरला तर पळापळ होईल, आणि ती तुझ्याच आवाजात.

चूक होणार. झाली की त्याच वेळी, त्याच कार्यक्रमात, तेवढ्याच ठळकपणे सुधारणा सांग. सकाळची चूक दुपारी तीन वाजता सुधारून उपयोग नाही, तेव्हा ऐकणारी माणसं वेगळी. तक्रारवही बाहेर टांगून ठेव, ज्याला लिहिता येत नाही त्याची तक्रार त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून घे. तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग सरकारनं मागितलं तरच लागतं असं समजू नकोस. उद्या कुणी म्हणालं की रेडिओवर अमुक सांगितलं म्हणून जमाव जमला, तर तेच एक तुझ्या बाजूनं साक्ष देईल. दोन प्रती ठेव, एक केंद्राबाहेर.

मसुद्यावर लाल शाईनं खुणा केल्या आहेत, सोबत परत पाठवतो. समितीच्या यादीत माझं नाव घातलं आहेस ते काढ. मी बोर्डीला राहतो, केंद्राच्या दहा किलोमीटरच्या टप्प्यात येत नाही, आणि सल्ला तर तू न विचारताही देतोच आहे. त्या जागी कातकरी वाडीतलं नाव घाल.

घरी सर्वांना नमस्कार. आजीला सांग, मामी चिकू पाठवते आहे.

तुझा,
मामा

ता. क. मनोऱ्याची जागा शाळेमागच्या टेकाडावर दाखवली आहेस. एफ.एम.च्या लहरी समोर दिसेल तिथवरच नीट जातात, डोंगराआडच्या पाड्यांवर नुसती खरखर येईल. अर्ज पाठवण्याआधी दुसरी उंच जागा बघ, आणि तडितरक्षकाचा व अर्थिंगचा खर्च अंदाजपत्रकात कुठेच दिसला नाही, तो घाल.